आधी शेजारी बसा, मग श्रेणी लिहा

चांदवड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पहिली ते तिसरीचे वर्ग मी वर्षानुवर्षं घेत आले आहे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा तालुका कांद्यावर आणि मक्यावर जगतो, वडनेर भैरवच्या बाजूला द्राक्षांवर. पाऊस बेताचाच. आमची बरीच मुलं मळ्यातल्या वस्तीवरून चालत येतात. आईबाप दिवस उजाडल्यापासून वावरात असतात, त्यामुळे संध्याकाळी पोराची वही उघडून बघायला घरात कुणाला उसंत नसते. मुलाला काय येतं आणि ते कुठे अडतं, हे शाळेनं हेरलं नाही तर दुसरं कुणी हेरणार नाही. म्हणूनच लहान मुलांच्या मूल्यमापनाबद्दल मी पोटतिडकीनं लिहिते आहे.

नियम आमच्या बाजूनं आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि ३० संकलित मूल्यमापनाचे. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेपेक्षा रोजच्या निरीक्षणाला, तोंडी कामाला, प्रात्यक्षिकाला आणि उपक्रमाला जास्त वजन. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी ही वाटणी फार शहाणपणाची आहे. ती रकान्यांत अडकून पडते की वर्गात उतरते, हे मात्र शिक्षकावर असतं. माझ्यापुरती मी एकच कसोटी धरली: आज जे तपासलं, त्यानं उद्याचा तास बदलला का? बदलला, तर मूल्यमापन झालं. खालचे सगळे बोल या एका कसोटीतून आलेले आहेत.

१. वाचन ऐकायचं ते एकेका मुलाचं

वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा सगळे वाचतायत असं वाटतं. पुढच्या ओळीतली चार मुलं खरी वाचत असतात, बाकीची त्यांच्या मागून सूर धरतात. पहिलीतला एक मुलगा पुस्तकातलं पान खणखणीत आवाजात म्हणायचा, एकही शब्द न चुकता. मी त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि त्याच्या बोटाकडे पाहिलं. तोंड तिसऱ्या ओळीत होतं, बोट पहिल्या ओळीच्या मध्यावर. शेवटची ओळ आधी वाच म्हटल्यावर तो गप्प झाला. पान त्याला पाठ होतं. पाठ होणं हीसुद्धा कमाई आहे. त्याचा कान तयार होता, स्मरण चांगलं होतं. पण अक्षराशी त्याची ओळख अजून व्हायची होती आणि समूहवाचनात ते कधीच उघडं पडलं नसतं.

तेव्हापासून वाचन तपासायला मी पाठ्यपुस्तक वापरत नाही. कोऱ्या कागदावर दोन-तीन नव्या ओळी लिहिते, चित्राशिवाय, मुलाच्या ओळखीच्या गोष्टींबद्दल: ‘बाबांनी कांदे चाळीत भरले. वरून पाऊस आला.’ मूल आणि मी शेजारी शेजारी बसतो, बाकीचा वर्ग आपापल्या कामात असतो. दोन मिनिटांत जे कळतं ते अख्ख्या चाचणीतून कळत नाही.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी याच रीतीनं चालते. स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलासमोर बसतो आणि अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी मूल कुठपर्यंत पोहोचतं ते पाहतो. २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२२ साली हेच प्रमाण २०.५ टक्के होतं. टक्केवारी देशाचं चित्र दाखवते. माझ्या वर्गाचं चित्र मला त्याच पद्धतीनं, एकेका मुलासमोर बसूनच मिळतं.

२. चूक मोजण्याआधी तिची जात ओळखा

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी एक साधी पद्धत रुजवली. मूल वाचत असताना शिक्षकानं शेजारी बसायचं, बरोबर वाचलेल्या शब्दाला खूण करायची आणि चुकलेल्या शब्दाच्या जागी मुलानं नेमकं काय म्हटलं ते लिहायचं. टोकायचं नाही. मी ही पद्धत मराठीला लावून पाहिली आणि तीन तऱ्हेची मुलं वेगळी दिसायला लागली.

पहिलं मूल ‘कमळ’च्या जागी ‘फूल’ म्हणतं. ते चित्रावरून अंदाज करतंय. अंदाज अर्थाला धरून आहे, फक्त अक्षराकडे लक्ष नाही. दुसरं मूल ‘रस्ता’ला ‘रसता’ म्हणतं, ‘पत्र’पाशी थांबतं. सुटी अक्षरं, काना-मात्रा पक्के आहेत, जोडाक्षर अडलंय. तिसरं मूल झरझर वाचतं, एक अक्षर चुकत नाही, पण ‘पाऊस आल्यावर कांद्यांचं काय झालं असेल?’ असं विचारलं की कागदाकडे बघत राहतं.

दहा गुणांच्या वाचनात या तिघांना कदाचित सारखेच सहा गुण पडतील. त्या सहामधून उद्या काय करायचं ते कळत नाही. खुणांच्या कागदावरून कळतं. पहिल्याला चित्राविना शब्दपट्ट्या हव्यात, दुसऱ्याला जोडाक्षरांचे खेळ हवेत, तिसऱ्याला वाचण्याआधी आणि वाचल्यावर भरपूर बोलणं हवं. तिघांना एकच स्वाध्याय दिला तर दोघांचा तास वाया जातो.

३. ‘कसं काढलंस?’ हा प्रश्न चुकीच्या उत्तरालाही विचारा आणि बरोबर उत्तरालाही

तिसरीतल्या एका मुलाच्या पाटीवर तीन वजाबाक्या होत्या:

५२ − २७ = ३५
६३ − २८ = ४५
४१ − १८ = ३७

तिन्ही चूक, म्हणजे पेपरात शून्य. मी म्हटलं, “पहिली मला करून दाखव.” त्यानं एककाच्या घरावर बोट ठेवलं. “दोनातून सात जात नाहीत ना मॅडम, म्हणून सातातून दोन काढले. पाच. मग पाचातून दोन, तीन.”

तीन चुका एकाच नियमातून आल्या होत्या: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. संख्या ओळखल्या होत्या, एककाखाली एकक मांडला होता, एक अंकी वजाबाकी पक्की होती. दशक सुटा करणं तेवढं राहिलं होतं. मग पाटी बाजूला ठेवून तोंडी विचारलं, “दुकानात ५२ रुपये घेऊन गेलास, २७ रुपयांचा किराणा आणला, उरले किती?” तो बोटांवर पुटपुटला, “सत्तावीसचे तीस करायला तीन, तिसाचे पन्नास करायला वीस, वरचे दोन... पंचवीस.” पाटीवर जे जमत नव्हतं ते त्याच्या डोक्यात चोख होतं.

दुसऱ्या दिवशी काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. सत्तावीस द्यायचे म्हटल्यावर त्यानं स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. त्या शून्याकडे बघून मी वजाबाकी पहिल्यापासून शिकवायला घेतली असती, तर जे त्याला येत होतं तेच पुन्हा आठवडाभर शिकवत बसले असते.

बरोबर उत्तरालाही हा प्रश्न विचारते, कारण शेजारच्या पाटीवरून आलेलं उत्तर आणि विचार करून आलेलं उत्तर लिहिलेलं सारखंच दिसतं. आणि विचारल्यावर थांबते. लहान मुलाला विचार मांडायला वेळ लागतो. त्या शांततेत आपण घाई केली, तर मूल आपल्या चेहऱ्यावर उत्तर शोधायला लागतं.

४. मराठी संख्यांचं नाव आणि अंक वेगवेगळे तपासा

दुसरीतलं मूल ‘पंचेचाळीस’ ऐकून ५४ लिहितं. आपल्याकडे एककाचं नाव आधी येतं आणि दशकाचं मागून. मूल कानाशी प्रामाणिक राहून आधी ५ लिहितं. ‘एकोणचाळीस’ला ४९ किंवा ४१ लिहिणारी मुलंही दरवर्षी असतात, कारण नावात चाळीस आहे आणि एक आहे, तीस कुठेच नाही. या मुलांना संख्या कळत नाही असा शेरा मारणं अन्याय आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा गदारोळ झाला आणि विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची बाजू मांडली होती: लहान मुलांना जोडाक्षरी संख्यानामं अवघड जातात. त्या वादात कुणी कोणतीही बाजू घ्यावी. अडचण खरी आहे हे पहिली-दुसरीच्या शिक्षकांना विचारा.

मी तीन गोष्टी सुट्या करून पाहते. पंचेचाळीस काड्या मोजून दे. चार गठ्ठे आणि पाच सुट्ट्या, ही संख्या अंकांत लिही. आता मी नाव घेते, ते अंकांत लिही. पहिल्या दोन जमल्या आणि तिसरी अडली, तर मुलाला संख्या कळली आहे, नावाची सवय व्हायची आहे. मग त्याला गाण्यातून, खेळातून, आठवडे बाजारातल्या भावांतून नावं ऐकवायची. स्थानिक किंमत पुन्हा शिकवायची गरज नाही.

५. एका वेळी एकच गोष्ट तपासा

शाब्दिक उदाहरण न सुटलेलं मूल गणितात कच्चं असेलच असं नाही. त्याला वाचता येत नसेल. म्हणून असं उदाहरण मी आधी वाचून दाखवते. सुटलं, तर गणित ठीक आहे आणि काम वाचनावर करायचं आहे. गोष्ट समजली का हे पाहायचं असेल तर तोंडी सांगू देते, चित्र काढू देते, नाटुकलं करू देते. लिहायलाच लावलं, तर ज्याचा हात अजून वळला नाही त्याची समजही कमी दिसते. परिसर अभ्यासात ‘रंगमहालात काय काय पाहिलं?’ या प्रश्नाला एका मुलीनं वहीत अर्धी ओळ लिहिली होती. तोंडी विचारल्यावर अहिल्याबाई होळकरांच्या त्या वाड्यातलं लाकूडकाम, भिंतींवरची चित्रं, सगळं तिनं रांगेनं सांगितलं. तिच्या नावापुढे दोन वेगळ्या नोंदी झाल्या: निरीक्षण उत्तम, लेखनाला आधार हवा.

६. घरची बोली ही चूक धरू नका

चांदवडच्या उत्तरेला देवळा, मालेगाव लागलं की अहिराणीचा मुलूख सुरू होतो आणि ती बोली आमच्या वर्गांतही येते. घरी ‘माले येस’ म्हणणारं मूल शाळेत ‘मला येतं’ म्हणायला हळूहळू शिकतं. ‘पाणी’ वाचताना ते ‘पानी’ म्हणतं. अक्षर त्यानं ओळखलेलं असतं, उच्चार घरचा असतो. वाचनाच्या खुणांमध्ये मी याला चूक धरत नाही. गोष्टीवर प्रश्न विचारला आणि मुलानं अहिराणीत उत्तर दिलं, तर आकलनाचे पूर्ण गुण देते. प्रमाण मराठी शिकवणं हे माझं काम आहेच आणि ते मी करते. पण समजलं का हे तपासायच्या वेळी भाषेचं फाटक आडवं लावत नाही.

भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणमधल्या बोलण्यातल्या वेगवेगळ्या रूपांचा अभ्यास करून पीएच.डी. मिळवली आणि पुढे तिथेच प्रगत शिक्षण संस्थेतून मुलांना वाचायला शिकवण्याचं मोठं काम उभं केलं. मुलाच्या तोंडची भाषा आधी नीट ऐकायची आणि मग शिकवायचं, हा क्रम शिक्षकांनी मनावर घेण्यासारखा आहे.

७. श्रेणीशेजारी हजेरीपट ठेवा, आणि डोळे-कान तपासून घ्या

उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये. दोन्ही वेळा घरातल्या मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायला घरी राहावं लागतं. ‘मोठी’ म्हणजे कधी कधी आठ वर्षांची. जानेवारीत ती दोन आठवडे नव्हती आणि त्याच आठवड्यांत वर्गात हातच्याची बेरीज झाली, तर तिची चूक तिच्या बुद्धीची मानायची की शेतीच्या हंगामाची? गुण लिहिण्याआधी मी हजेरीपट उघडते. जो भाग शिकवताना मूल वर्गात नव्हतं तो आधी शिकवते, मग तपासते.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं याहून अवघड आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. त्यात मूल कोणत्या पातळीवर आहे हे नेमकं लिहिलं, तर पुढच्या शाळेतले गुरुजी तिथून उचलतील. ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच लिहून पाठवलं, तर त्या मुलाची नवी शाळा पुन्हा अ-आ-ईपासून सुरू होते.

आणि शरीराकडेही बघावं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं, पण वहीतलं नीट वाचणारं मूल दिसलं की मी त्याला पुढे बसवते आणि आरोग्य तपासणीच्या पथकाला त्याचं नाव आवर्जून देते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात. शिक्षकानं आधी हेरून ठेवलेलं असलं, तर त्या तपासणीचा फायदा होतो. चष्मा लागल्यावर ज्याची श्रेणी सुधारते, त्याला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा देणं किती चुकीचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

८. घड्याळ वापरा, पण मुलाच्या समोर धरू नका

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं त्यात म्हटलं आहे. वेगाला अर्थ आहे. अक्षर अक्षर जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पण त्या वाक्यातले ‘अर्थ समजून’ हे शब्द वगळले, तर पोरं शर्यत लावतात. विरामचिन्हं गिळतात, विभक्ती खातात. मराठीत तर एकेका शब्दाला प्रत्यय लागून तो लांबतो. ‘शाळेतल्या’ आणि ‘आई’ हे दोन्ही एकेकच शब्द मोजले जातात.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मनात वेळ धरते आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारते. एकाचं उत्तर मजकुरात असतं, दुसऱ्याचं मुलानं स्वतः लावायचं असतं. चावडीवाचनात गावासमोर मुलांना उभं करतानाही हेच भान ठेवते. अडखळणाऱ्या मुलाला त्याच्या पातळीचा मजकूर देते, तो आधी त्याच्याकडून सराव करून घेते. चारचौघांत पोराची फजिती झाली, तर पुढचे कित्येक महिने ते तोंड उघडत नाही. गावाला शाळेचं काम दिसायला हवं, ते मुलाचा आत्मविश्वास सांभाळून.

९. नोंद अशी लिहा की ती दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही

वर्णनात्मक नोंदींच्या छापील याद्या दुकानात मिळतात. ‘समजपूर्वक वाचन करतो’, ‘गटकार्यात सहभागी होते’, ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक’. त्या भराभर उतरवता येतात आणि कोणत्याही मुलाला चालतात, म्हणून कुणालाच उपयोगी पडत नाहीत. शिक्षकाच्या डोक्यावरचं कागदांचं ओझं मला ठाऊक आहे. त्यामुळे मी नोंदी कमी लिहिते, पण तारखेनिशी आणि नेमक्या लिहिते: ‘२२ ऑगस्ट. जोडाक्षराशी थांबते, रस्ताला रसता म्हणते. १० सप्टेंबर. रस्ता, पुस्तक, बस्ता न थांबता वाचले. र-कार अजून अडतो.’ दोन ओळी आहेत, पण त्यांत मूल कुठून कुठे आलं ते दिसतं आणि पुढचं पाऊलही दिसतं. सप्टेंबरची ओळ लिहिताना ऑगस्टची वाचावीच लागते, हा आणखी एक फायदा.

शेरा आणि श्रेणी यांबद्दल इस्राएलच्या रूथ बटलर यांचा १९८८ सालचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पाचवी-सहावीतल्या काही मुलांना त्यांनी फक्त गुण दिले, काहींना कामाबद्दलचा लेखी शेरा दिला, काहींना दोन्ही दिलं. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांना शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर हे रोज दिसतं. वहीवर आकडा असला की पोरं आधी शेजाऱ्याचा आकडा बघतात. म्हणून रोजच्या वहीत मी आकडा घालत नाही. ‘मात्रा छान दिल्यास, आता ऱ्हस्व-दीर्घ बघ’ एवढं लिहिते आणि शेजारी बसवून ते वाचून दाखवते. अ-१, अ-२ या श्रेणी नोंदवहीत जातात, त्यांची जागा तिथेच आहे.

१०. पालकांना दोन वह्या दाखवा

पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कितवा नंबर आला?” त्यावर भाषण देऊन काही होत नाही. मी जुलैची वही आणि डिसेंबरची वही शेजारी ठेवते. जुलैत रेघोट्या आणि उलटा ‘ग’, डिसेंबरात चार शब्दांचं वाक्य. अक्षर न वाचता येणाऱ्या आईलाही दोन पानांमधला फरक दिसतो. मग ती विचारते, “आता पुढे काय?” आणि खरं बोलणं सुरू होतं.

आयांना आपण कमी लेखू नये. १९८६च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन याच चांदवडला भरलं होतं आणि गावोगावच्या शेतकरी बाया आपलं म्हणणं मांडायला इथे आल्या होत्या. त्याच बायांच्या लेकी-सुना आज आमच्या पालक आहेत. २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात आयांचे गट झाले, तेव्हा घरच्या वस्तूंवर मुलांना मोजायला, वेगळं करायला, गोष्ट सांगायला बसवणं त्यांनी सहज केलं. मी आईला एवढंच सांगते: रोज रात्री पोराला विचारा, आज वर्गात ऐकलेली गोष्ट मला सांग. गोष्ट क्रमानं आली की समजली. अडली, तर कुठे अडली ते सकाळी मला सांगा. असा निरोप आला की माझं अर्धं काम होतं.

११. वेळ काढायचा तर रोज थोडा काढा

“चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यात एकेका मुलाशेजारी बसायचं कधी?” हा प्रश्न रास्त आहे. मी सगळ्यांना एका दिवशी तपासत नाही. परिपाठानंतरच्या पहिल्या तासात वर्ग चित्रात, मणी ओवण्यात किंवा जोडीवाचनात गुंतलेला असतो, तेव्हा चार-पाच मुलांशी प्रत्येकी दोन-तीन मिनिटं बसते. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांची पाळी येते. जी मुलं एकाच जागी अडली आहेत त्यांचा एक गट करते आणि दुपारच्या अर्ध्या तासात त्या गटाबरोबर तेवढंच काम करते. हे गट कायमचे नसतात. अडचण सुटली की मूल दुसऱ्या गटात जातं. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशा रांगा मी वर्गात लावत नाही, कारण वाचनात मागे असलेलं मूल काड्यांच्या हिशेबात पुढे असतं आणि ते त्याला स्वतःला कळलं पाहिजे.

१२. ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी सांगता येतं, त्याच्यापासून सुरुवात करा

नव्या शिक्षकांना मी एक काम सुचवते. कोऱ्या कागदावर, हजेरीपट न उघडता, वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: याला काय येतं आणि आता काय शिकवायचं आहे. खोड्या काढणाऱ्यांपुढे ओळ लगेच येते, पटापट उत्तरं देणाऱ्यांपुढेही येते. मधली, शांत बसणारी, त्रास न देणारी मुलं राहून जातात. काहींची नावंही शेवटी आठवतात. वर्षअखेर त्यांना ‘ब-२’ मिळतो आणि ती पुढच्या वर्गात जातात, काय येतं आणि काय नाही हे कुणालाच न कळता. चौथी-पाचवीत वाचता न येणारी बरीच मुलं याच रांगेतून आलेली असतात.

ज्या नावापुढे ओळ रिकामी राहिली, त्या मुलाशेजारी उद्या सकाळी पहिल्यांदा बसा. हातात कोरा कागद घ्या, दोन नव्या ओळी लिहा, त्याला वाचू द्या, काय वाचतो ते लिहून घ्या आणि परवाचा तास त्याप्रमाणे आखा. चाचण्या येतील, श्रेणी भराव्या लागतील, त्या भराच. पण पहिली ते तिसरीच्या तीन वर्षांत एकही मूल असं राहू नये, ज्याला काय येतं हे त्याच्या शिक्षकाला सांगता येत नाही.